त्रिपुरीचा प्रश्न आणि राष्ट्रपतीची निवड

जबलपूर शहराकडून भेडाघाटच्या संगमरवरी खडकांकडे जाताना वाटेत तेवर नावाचे एक लहानसे गाव लागते. प्रवाशांचे लक्ष पुढच्या धबधब्याकडे असल्यामुळे ते बहुधा येथे थांबत नाहीत. परंतु हे तेवर म्हणजेच प्राचीन त्रिपुरी, कलचुरी राजांची राजधानी. त्या काळी राज्याचा प्रमुख कोण व्हावयाचा, हा प्रश्न वंशपरंपरेने सुटत असे आणि क्वचित तलवारीने. प्रजेला तो कोणी विचारीत नसे. पुढे अनेक शतकांनी, १९३९ च्या मार्च महिन्यात, याच त्रिपुरीच्या नावाने राष्ट्रसभेचे बावन्नावे अधिवेशन नर्मदेच्या परिसरात भरले आणि प्रमुखाच्या निवडीचाच प्रश्न तेथे पुन्हा उभा राहिला. या वेळी मात्र तो एका निराळ्या रूपात पुढे आला. लोकांच्या वतीने काही निवडक माणसांनी एक अध्यक्ष निवडला, तर त्या अध्यक्षाला अधिकार किती? ज्यांनी त्याला निवडले त्यांनाच त्याचे हात बांधता येतात काय?

जबलपूरच्या जुन्या बाजारपेठेतील कमानिया दरवाजा आजही त्या अधिवेशनाची आठवण करून देतो. स्वागताध्यक्ष जबलपूरचेच शेठ गोविंददास होते. बावन्नावे अधिवेशन म्हणून मिरवणुकीत बावन्न हत्ती होते आणि पूर्वीच्या अध्यक्षांच्या तसबिरी त्यांवर विराजमान झाल्या होत्या. ज्यांच्यासाठी हा सारा थाट, ते नवे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस मात्र मिरवणुकीत नव्हते. त्यांच्या जागी त्यांची तसबीर होती. सुभाषबाबू तापाने फणफणलेले होते. रुग्णवाहिकेतून आणि स्ट्रेचरवरून त्यांना अधिवेशनाच्या जागी आणावे लागले. त्यांचे अध्यक्षीय भाषण त्यांचे बंधू शरदचंद्र बोस यांनी वाचून दाखविले आणि खुल्या अधिवेशनाचे काम मौलाना आझादांनी पाहिले. पुढे जे घडणार होते त्याचे जणू हे चित्रच होते: सिंहासनावर तसबीर, आणि अधिकार दुसरीकडे.

हा प्रसंग नीट समजावयाचा तर त्या वेळची निवडणुकीची रीत लक्षात घेतली पाहिजे. चार आणे वर्गणी भरणारा काँग्रेसचा सामान्य सभासद अध्यक्षासाठी मत देत नसे. तो प्रतिनिधी निवडी. हे प्रतिनिधी ठरलेल्या दिवशी आपापल्या प्रांतातच मतदान करीत आणि त्या मतांच्या बेरजेवरून वर्षाचा अध्यक्ष ठरे. म्हणजे ही निवडणूक अप्रत्यक्ष होती. सभासद आणि अध्यक्ष यांच्यामध्ये निर्वाचकांची एक पायरी होती.

ही पायरीसुद्धा एका दिवसात बांधली गेली नव्हती. राष्ट्रसभेच्या आरंभीच्या काळात अध्यक्ष ठरविण्याचे काम मुख्यतः स्वागतसमितीच्या हाती असे. त्या व्यवस्थेचे दुखणे १९०७ साली उघड झाले, आणि तेही याच मध्यप्रांतात. त्या वर्षीचे अधिवेशन नागपूरला भरावयाचे होते. परंतु अध्यक्ष कोण, यावरून नागपूरच्या स्वागतसमितीत इतकी तेढ माजली की अधिवेशनच सुरतेला हलविण्यात आले. सुरतेला काय झाले, हे महाराष्ट्राला सांगावयास नको. अध्यक्षाच्या निवडीसंबंधी आपली सूचना मांडण्यासाठी लोकमान्य टिळक व्यासपीठावर गेले, त्यांना बोलू देण्यात आले नाही, आणि सभामंडपात जोडे व खुर्च्या यांनी चर्चेची जागा घेतली. राष्ट्रसभा दुभंगली. मूठभर यजमानांनी सबंध देशासाठी अध्यक्ष ठरवावा, ही रीत त्यानंतर फार दिवस टिकणे शक्य नव्हते. पुढे हा अधिकार स्वागतसमितीकडून प्रांतांकडे व प्रतिनिधींकडे आला. तथापि व्यवहारात एखाद्या नावावर वडीलधाऱ्यांत एकमत होई आणि इतर इच्छुक आपली नावे मागे घेत. निवडणुकीचा नियम होता, पण चुरशीची निवडणूक क्वचितच होई.

१९३९ च्या जानेवारीत ती झाली. हरिपुऱ्याच्या अधिवेशनाचे अध्यक्ष सुभाषबाबू दुसऱ्यांदा उभे राहिले. मौलाना आझादांचे नाव पुढे आले होते, ते त्यांनी मागे घेतले, आणि आंध्रचे डॉ. पट्टाभि सीतारामय्या रिंगणात उरले. मतदानापूर्वी दोन्ही बाजूंनी जी पत्रके निघाली, त्यांत या विषयाचे सारे मर्म आले आहे. सुभाषबाबूंचे म्हणणे असे की, काँग्रेसचा अध्यक्ष म्हणजे सभेपुरता खुर्चीवर बसविलेला गृहस्थ नव्हे. तो आपली कार्यकारिणी स्वतः नेमतो, म्हणून त्याची तुलना पंतप्रधानाशी किंवा अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाशी केली पाहिजे, आणि म्हणून त्याची निवडणूक निश्चित धोरणावर आणि कार्यक्रमावर लढविली गेली पाहिजे. उलट बाजूने वल्लभभाई पटेल, राजेंद्रप्रसाद, कृपलानी, जमनालाल बजाज, शंकरराव देव आदी कार्यकारिणीच्या सभासदांनी पत्रक काढून सांगितले की, धोरण अध्यक्षाच्या निवडीने ठरत नाही. ते काँग्रेसचे अधिवेशन आणि तिच्या समित्या ठरवितात. अध्यक्ष हा सभापती असतो, आणि घटनाबद्ध राजाप्रमाणे तो राष्ट्राच्या ऐक्याचे प्रतीक असतो. त्यामुळे त्याची निवड शक्यतो एकमताने व्हावी.

दोन्ही मते प्रामाणिक होती आणि दोन्हींना आधार होता. उणीव एवढीच होती की, प्रतिनिधींच्या हाती जी मतपत्रिका पडणार होती तिच्यावर या दोन मतांपैकी एकही छापलेले नव्हते. तिच्यावर केवळ दोन नावे होती.

२९ जानेवारी १९३९ रोजी मतदान झाले. सुभाषबाबूंना १५८० मते पडली आणि दोनशेंहून अधिक मतांनी ते विजयी झाले. बंगालने त्यांना भरभरून मते दिली. तामिळनाडू आणि संयुक्त प्रांतांसारख्या दूरच्या प्रांतांतूनही त्यांना बहुमत मिळाले. आंध्र, गुजरात आणि बिहार पट्टाभींच्या मागे राहिले. दोनच दिवसांनी गांधीजींनी जाहीर केले की, पट्टाभींना माघार घेऊ नका असे आपणच सांगितले होते, तेव्हा हा पराभव पट्टाभींपेक्षा आपला अधिक आहे. या एका वाक्याने निवडणुकीचा अर्थच पालटला. फेब्रुवारीच्या २२ तारखेस वर्ध्याला कार्यकारिणीची बैठक होती. सुभाषबाबू आजारामुळे येऊ शकले नाहीत. तेथे पंधरांपैकी बारा सभासदांनी राजीनामे दिले. जवाहरलालांनी आपले निवेदन वेगळे काढले. निवडून आलेला अध्यक्ष आता जवळजवळ एकटा होता.

अशा स्थितीत त्रिपुरीचे अधिवेशन भरले. गांधीजी तेथे नव्हते. राजकोटच्या प्रश्नावर त्यांनी उपवास आरंभिला होता आणि तो अधिवेशनाच्या थोडे आधी सुटला होता. गोविंद वल्लभ पंतांनी एक ठराव मांडला. गांधीजींच्या नेतृत्वावर आणि जुन्या कार्यकारिणीवर त्याने विश्वास प्रकट केला आणि अध्यक्षांना विनंती केली की, नवी कार्यकारिणी त्यांनी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी. विषयनियामक समितीत ठरावाच्या बाजूने २१८ आणि विरुद्ध १३५ मते पडली. खुल्या अधिवेशनात समाजवादी गट तटस्थ राहिला आणि ठराव संमत झाला. सहा आठवड्यांपूर्वी ज्या प्रतिनिधींनी सुभाषबाबूंना निवडले होते, त्यांच्याच सभेने त्यांच्या अध्यक्षपदाचा मुख्य अधिकार, म्हणजे आपले सहकारी निवडण्याचा अधिकार, काढून घेतला.

पुढचे सर्वश्रुत आहे. गांधीजी आणि सुभाषबाबू यांच्यात दीर्घ पत्रव्यवहार झाला. गांधीजी नावे सुचवीनात, ठरावामुळे सुभाषबाबूंना स्वतः नेमता येईना. २९ एप्रिल रोजी कलकत्त्याला त्यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी राजेंद्रबाबू आले. मे महिन्याच्या आरंभी फॉरवर्ड ब्लॉकची स्थापना झाली.

या घटनेकडे बहुधा दोन थोर पुरुषांच्या मतभेदाची कहाणी म्हणून पाहिले जाते, आणि तिच्यात पक्ष घेण्याचा मोह अनेकांना आवरत नाही. तो मोह क्षणभर बाजूस सारला तर तिच्यात राज्यघटनेचा एक धडा दिसतो. प्रतिनिधी चंचल होते, असे म्हणून भागत नाही. जानेवारीत त्यांना विचारण्यात आले होते, “अध्यक्ष कोण हवा?” त्यांनी सांगितले, सुभाषबाबू. मार्चमध्ये त्यांना विचारण्यात आले, “नेतृत्व कोणाचे हवे?” त्यांनी सांगितले, गांधीजींचे. त्यांच्या मनात या दोन उत्तरांत विरोध नव्हता. त्यांना दोघेही हवे होते. विरोध होता तो व्यवस्थेत. त्या व्यवस्थेने अध्यक्ष निवडण्याची रीत सांगितली होती, परंतु अध्यक्षपद म्हणजे नेमके काय, हे निःसंदिग्धपणे सांगितले नव्हते. सेनापती निवडावयाचा की ध्वज उचलणारा, हे न ठरवताच निवड झाली, आणि मग निवडलेला माणूस एक समजून चालला, निवडणारे दुसरे.

त्रिपुरीच्या अधिवेशनानंतर आठ वर्षांनी देश स्वतंत्र झाला. राज्यघटना घडविण्यासाठी जी सभा बसली, तिच्यात जवाहरलाल, वल्लभभाई, राजेंद्रबाबू, मौलाना आझाद, पंत, पट्टाभि आणि जबलपूरचे शेठ गोविंददास हे सर्व होते. त्यांच्यापुढे तोच प्रश्न आता सबंध राष्ट्राच्या प्रमाणावर उभा होता. प्रजासत्ताकाचा राष्ट्रपती कोणी निवडावा?

प्रा. के. टी. शहा यांचे उत्तर सरळ होते. प्रौढ मताधिकार मान्य केला आहे ना, मग राष्ट्रपतीही प्रौढ मतदारांनीच निवडावा. जनतेचे सार्वभौमत्व ज्या पदात मूर्त व्हावयाचे, त्या पदाला जनतेचा हात थेट लागला पाहिजे. या युक्तिवादाचे बळ कोणीही नाकारू नये. तरी सभेने तो मान्य केला नाही, आणि त्याची कारणे तीन होती. पहिले कारण व्यवहाराचे होते. कोट्यवधी मतदारांची आणखी एक निवडणूक पार पाडणे त्या नवजात राज्ययंत्रणेच्या आवाक्याबाहेरचे होते, हे डॉ. आंबेडकरांनी दाखवून दिले. दुसरे कारण पदाच्या स्वरूपाचे होते. डॉ. आंबेडकरांच्या मांडणीप्रमाणे आपला राष्ट्रपती हा राज्याचा प्रमुख आहे, शासनाचा नव्हे. तो राष्ट्राचे प्रतिनिधित्व करतो, राष्ट्रावर राज्य करीत नाही. तिसरे कारण जवाहरलालांनी सांगितले आणि तेच सर्वांत मूलगामी आहे. साऱ्या देशाने मते देऊन ज्याला निवडले, त्याच्या हाती जर खरी सत्ता ठेवावयाची नसेल, तर ती विसंगती होईल. असा राष्ट्रपती एक दिवस म्हणेल की, मलाही जनतेनेच निवडले आहे, मग मी मंत्रिमंडळाचे का ऐकावे? हे कारण ऐकताना त्रिपुरीची आठवण झाल्यावाचून राहत नाही. पद केवळ प्रतीकाचे ठेवावयाचे असेल तर त्यामागे सेनापतीला साजेल एवढा कौल उभा करू नये, हा त्यातला विचार आहे. राज्यपालांच्या बाबतीतही हेच झाले. आरंभी राज्यपाल लोकांनी निवडावा असे ठरत होते, परंतु एका राज्यात लोकांनी निवडलेले दोन प्रमुख नकोत म्हणून नेमणुकीची पद्धत आली.

मग केवळ संसदेनेच राष्ट्रपती निवडला तर काय बिघडले असते? बिघडले असते ते असे की, संसदेत ज्या पक्षाचे बहुमत, त्याच बहुमताची राष्ट्रपती ही सावली झाला असता. म्हणून घटनेच्या ५४ व्या अनुच्छेदाने मधला मार्ग काढला. संसदेच्या दोन्ही सभागृहांचे निवडून आलेले सदस्य आणि राज्यांच्या विधानसभांचे निवडून आलेले सदस्य मिळून निर्वाचकगण होतो. दिल्ली आणि पुदुच्चेरी येथील विधानसभांची भर १९९२ च्या घटनादुरुस्तीने पडली. नामनियुक्त सदस्यांना येथे मत नाही, विधानपरिषदांनाही नाही.

परंतु सर्व आमदार सारख्याच संख्येच्या लोकांचे प्रतिनिधी नसतात. म्हणून प्रत्येक आमदाराच्या मताला मूल्य दिलेले आहे. राज्याची लोकसंख्या विधानसभेच्या निर्वाचित सदस्यसंख्येने भागावयाची, येणाऱ्या आकड्याला हजाराने भागावयाचे, आणि बाकी पाचशे किंवा अधिक उरल्यास एकाची भर घालावयाची. यासाठी १९७१ च्या जनगणनेचे आकडे धरले गेले, म्हणजे कुटुंबनियोजन यशस्वी करणाऱ्या राज्यांवर अन्याय होऊ नये. छत्तीसगड वेगळे झाल्यानंतरच्या मध्यप्रदेशाची १९७१ ची लोकसंख्या तीन कोटींच्या किंचित वर धरली जाते आणि विधानसभेच्या जागा २३० आहेत. भागाकार १,३०,५०७ येतो. हजाराने भागल्यावर १३० येतात आणि बाकी ५०७ उरते. पाचशेंपेक्षा सात अधिक, तेवढ्यानेच आणखी एकाची भर पडली. म्हणून २०२२ च्या निवडणुकीत जबलपूरच्या आमदाराच्या मताचे मूल्य १३१ होते. महाराष्ट्राच्या आमदाराचे १७५, उत्तर प्रदेशाच्या आमदाराचे २०८, गोव्याच्या आमदाराचे २० आणि सिक्कीमच्या आमदाराचे ७ होते. सर्व राज्यांची मते मिळून ५,४३,२३१ झाली. तेवढेच वजन संसदेला मिळावे म्हणून या बेरजेला खासदारांच्या संख्येने, ७७६ ने, भागले गेले आणि प्रत्येक खासदाराच्या मताचे मूल्य ७०० ठरले. संसदेची एकूण मते ५,४३,२०० झाली. केवळ ३१ मतांचा फरक. तराजूच्या एका पारड्यात केंद्र आणि दुसऱ्यात राज्ये, आणि काटा जवळजवळ मध्यावर, अशी ही योजना आहे.

मतदान गुप्त असते आणि मतदार नावांपुढे पसंतीचे क्रम लिहितो. पहिल्या पसंतीच्या मतांत कोणालाही निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, तर तळाच्या उमेदवारास बाद करून त्याच्या मतपत्रिका दुसऱ्या पसंतीप्रमाणे वाटतात. बहुतेक निवडणुकांत याची गरज पडलेली नाही. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत राजेंद्रबाबूंना ५,०७,४०० मते मिळाली. त्यांच्याविरुद्ध उभे होते तेच प्रा. के. टी. शहा. प्रत्यक्ष निवडणुकीचा आग्रह धरणाऱ्या या विद्वानाने अप्रत्यक्ष निवडणूक लढविली आणि ९२,८२७ मते मिळविली. आपले मत पराभूत झाले तरी झालेला नियम आपलाच मानावयाचा, हा लोकशाहीतला शिष्टाचार त्यांनी पाळला असे म्हटले पाहिजे.

दुसऱ्या पसंतीवर निकाल लागला तो १९६९ साली, आणि त्या निकालात एका मराठी माणसाच्या नावाला महत्त्व आले. डॉ. झाकिर हुसेन यांचे मे महिन्यात निधन झाले होते. काँग्रेसच्या संसदीय मंडळाने नीलम संजीव रेड्डी यांचे नाव निश्चित केले. पंतप्रधान इंदिरा गांधींना ते मनापासून मान्य नव्हते. उपराष्ट्रपती वराहगिरी व्यंकट गिरी स्वतंत्रपणे उभे राहिले. तिसरे प्रमुख उमेदवार होते चिंतामणराव देशमुख. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेला, मध्यप्रांत व वऱ्हाडात सनदी अधिकारी म्हणून उमेदवारी केलेला, रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झालेला आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली अर्थमंत्रिपद सोडणारा हा पुरुष स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांच्या पाठिंब्याने उभा होता. मतदानाच्या सुमारास इंदिराजींच्या बाजूने आवाहन झाले की, प्रत्येकाने आपल्या विवेकबुद्धीस स्मरून मत द्यावे. पक्षाने एक सांगितले होते, विवेकाच्या नावाने दुसरे सांगितले जात होते. त्रिपुरीनंतर तीस वर्षांनी निर्वाचक पुन्हा त्याच दुपेडी वाटेवर उभे होते.

१६ ऑगस्टला मतदान झाले. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मते पडली. जिंकण्यास ४,१८,१६९ मते हवी होती. गिरी काठाशी आले होते, पण पार झाले नव्हते. इतर उमेदवार आणि अखेर देशमुख बाद झाले आणि त्यांच्या मतपत्रिकांवरील पुढच्या पसंती मोजण्यात आल्या. त्यांतील फार मोठा भाग रेड्डींना मिळाला, परंतु गिरींना हवी होती ती थोडी मतेही मिळाली. अखेरचा आकडा गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७ असा होता. वर्ष संपण्यापूर्वी काँग्रेस दुभंगली. राष्ट्रपतीच्या निवडणुकीने राज्य बदलले नाही, पण राज्य करणाऱ्या पक्षाचे दोन तुकडे केले.

येथे अमेरिकेकडे एकदा पाहणे उपयोगी ठरेल, कारण सुभाषबाबूंनी जी उपमा दिली होती ती तिथली. अमेरिकेतही राष्ट्राध्यक्षाची निवड रीतीने अप्रत्यक्ष आहे. १७८७ च्या घटनेने प्रत्येक राज्याला त्याच्या सिनेटर आणि प्रतिनिधींच्या संख्येइतके निर्वाचक दिले. आज त्यांची एकूण संख्या ५३८ आहे आणि २७० मिळविणारा विजयी होतो. घटनाकारांची अपेक्षा अशी होती की, हे निर्वाचक जाणते असतील आणि स्वतंत्र विचाराने मत देतील. पक्ष उदयास आले आणि ती अपेक्षा लयास गेली. निर्वाचक निरोप पोहोचविणारा झाला. २०२० साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तर असा निर्वाळा दिला की, वचन मोडणाऱ्या निर्वाचकाला राज्य शासन करू शकते. मात्र बेरजेची रीत कायम राहिल्यामुळे २००० आणि २०१६ साली देशभरात कमी मते मिळालेला उमेदवार राष्ट्राध्यक्ष झाला. त्यावरून तिकडे मोठा असंतोष आहे, आणि तो समजण्यासारखा आहे. ज्या पदाच्या हाती सेना, परराष्ट्रनीती आणि शासन आहे, त्या पदावर कमी मतांचा माणूस बसला तर मतदाराला ते जिव्हारी लागणारच.

आपल्याकडे याच्या उलट स्थिती आहे. आपला निर्वाचक कायद्याने मोकळा आहे. मतदान गुप्त आहे आणि राष्ट्रपतीच्या निवडणुकीत पक्षादेश काढता येत नाही, असे निवडणूक आयोग सांगत आला आहे. या मोकळेपणाचा उपयोगही होतो. २००७ साली प्रतिभाताई पाटील उभ्या राहिल्या तेव्हा शिवसेनेने आपल्या आघाडीचा उमेदवार सोडून त्यांना मते दिली, आणि देशाला पहिल्या महिला राष्ट्रपती मिळाल्या. मात्र निर्वाचक मोकळा आणि पद बांधलेले, असा हा सौदा आहे. अमेरिकेत निर्वाचक बांधलेला आणि पद मोकळे. त्रिपुरीला दोन्ही मोकळे होते, आणि म्हणून त्यांची टक्कर झाली.

हा सौदा कागदावर स्पष्ट व्हावयाला मात्र वेळ लागला. १९३९ साली अध्यक्ष हा घटनाबद्ध राजासारखा असतो, अशा पत्रकावर ज्यांची सही होती, ते राजेंद्रबाबू पुढे स्वतः राष्ट्रपती झाले. १९६० च्या नोव्हेंबरात दिल्लीला विधी संस्थेच्या समारंभात त्यांनीच प्रश्न केला की, आपला राष्ट्रपती खरोखर इंग्लंडच्या राजासारखा आहे काय, याचा अभ्यास व्हावा. त्यांचा प्रश्न गैर नव्हता. राष्ट्रपतीने मंत्रिमंडळाचा सल्ला मानलाच पाहिजे, असे शब्द त्या वेळी घटनेत नव्हते. ते १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने आले. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने राष्ट्रपतीला एवढी मुभा दिली की, सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठविता येईल. पुन्हा आला तर तो मानावा लागेल. सांगण्याचा अधिकार राष्ट्रपतीचा, ठरविण्याचा अधिकार लोकांनी थेट निवडलेल्या सभागृहाचा.

यावर असा आक्षेप घेतला जातो की, मग एवढ्या खटाटोपाने राष्ट्रपती निवडावा तरी कशाला? त्याचे उत्तर पदाच्या उपयोगात आहे. लोकसभेत कोणालाही स्पष्ट बहुमत नसले तर सरकार बनविण्यास प्रथम कोणाला बोलवावे, हे राष्ट्रपतीला ठरवावे लागते. अशा वेळी त्याचा शब्द सर्वांनी मानावयाचा तर त्याच्यामागे एकाच सभागृहाचे नव्हे, सर्व राज्यांचे बळ असले पाहिजे. तेवढेच बळ निर्वाचकगण त्याला देतो. कमी दिले तर तो सावली होतो, अधिक दिले तर प्रतिस्पर्धी होतो. सिक्कीमच्या आमदाराची सात आणि जबलपूरच्या आमदाराची एकशेएकतीस मते मोजताना हेच माप जपलेले आहे. नागरिकानेही विधानसभेसाठी मत देताना हे ध्यानात ठेवावे की, ते मत तेथेच संपत नाही. आमदाराच्या हातून ते राष्ट्रपतिभवनापर्यंत जाते.

त्रिपुरीच्या कथेतील एका पात्राचा शेवट सांगावयाचा राहिला. निवडणूक हरलेले डॉ. पट्टाभि सीतारामय्या पुढे १९४८ साली काँग्रेसचे अध्यक्ष झाले. त्यानंतर १९५२ पासून १९५७ पर्यंत ते मध्यप्रदेशाचे राज्यपाल होते. ज्या जबलपुराजवळ त्यांच्या पराभवावरून एवढे महाभारत घडले, ते जबलपूर त्यांच्याच राज्यात होते. तेथे त्यांना कोणी निवडून दिले नव्हते, त्यांच्या जुन्या सहकाऱ्याने, राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी, घटनेनुसार त्यांची नेमणूक केली होती. त्यांचे अधिकार कोणते आणि कोणते नाहीत, हे या वेळी आधीच लिहून ठेवलेले होते.